सतरा हजार बोल्टांची बँक

कष्टाचा पैसा ओळखदेख नसलेल्या माणसाच्या हाती सोपवणं कुणालाच सोपं जात नाही. त्यामुळे बँकेच्या इमारतीवर एक जादा जबाबदारी येते. माणूस आत शिरण्याआधीच तिने त्याला धीर द्यायचा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय बँकांनी हे काम दगडावर सोपवलं होतं. जाडजूड भिंती, ग्रीक देवळाच्या धर्तीचे खांब, वर त्रिकोणी माथा, खिडक्यांना भक्कम लोखंडी गज. पाहणाऱ्याने समजून घ्यायचं ते इतकंच, की हे घर पिढ्यान्‌पिढ्या इथून हलणार नाही आणि तुमचा पैसाही हलणार नाही. मुंबईच्या फोर्टात जुन्या बँकांच्या दर्शनी भागांवरून नजर फिरवली तर हीच भाषा आजही वाचता येते.

1906 सालच्या डिसेंबरात व्हिएन्नात उघडलेल्या एका बँकेने ही भाषा टाकून दिली. तिच्या भिंतीवर संगमरवराच्या पातळ लाद्या होत्या आणि त्या लाद्यांवर धातूचे बोल्ट उघड्यावर चमकत होते. आतल्या मुख्य सभागृहाचं छत काचेचं होतं, जमिनीतही काच बसवलेली होती. ही इमारत म्हणजे ऑस्ट्रियाची टपाल बचत बँक, तिथल्या भाषेत पोस्टश्पारकासे. वास्तुरचनाकार ओटो वाग्नर. आधुनिक वास्तुकलेचा इतिहास सांगणाऱ्या जवळपास प्रत्येक पुस्तकात तिचं छायाचित्र असतं, पण बहुधा ते रिकाम्या सभागृहाचं असतं, आणि ही बँक कोणासाठी होती हे त्या छायाचित्रावरून कळत नाही. माझ्या मते ही वास्तू समजून घ्यायची तर सुरुवात तिच्या खातेदारांपासून करायला हवी.

पोस्टातलं पासबुक मराठी घराला नवं नाही. आवर्ती ठेव, बचतपत्र, दर महिन्याला दारी येणाऱ्या अल्पबचत एजंट काकू हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. या व्यवस्थेची सुरुवात 1861 साली ब्रिटनमध्ये झाली. मोठ्या बँकांच्या दारात पाऊल टाकायला बिचकणारा कामगार आणि मोलकरीण टपालघरात मात्र बिनदिक्कत जातात, मग टपालघरालाच बँक का करू नये, असा तो साधा विचार होता. भारतात टपाल बचत बँक सुरू झाली 1882 साली. योगायोग असा की ऑस्ट्रियाचा टपाल बचत बँकेचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि 1883 च्या जानेवारीत तिथलं काम सुरू झालं.

ऑस्ट्रियातल्या या बँकेचा पाया घालणारा माणूस होता गेओर्ग कोख. केवळ बचत गोळा करण्यावर तो थांबला नाही. टपालघरामार्फत धनादेशाचा आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करण्याचा व्यवहार त्याने सुरू केला. छोट्या दुकानदाराला दूरच्या गावच्या व्यापाऱ्याचे पैसे नोटा न पाठवता चुकते करता येऊ लागले. साम्राज्यातलं प्रत्येक टपालघर ही बँकेची खिडकी झाली आणि सगळ्यांच्या नोंदी व्हिएन्नात एका जागी येऊ लागल्या. वाग्नरच्या इमारतीचा आराखडा उलगडतो तो या एका गोष्टीमुळे. इथे प्रत्यक्ष येणारे ग्राहक त्या मानाने थोडे, पण कागद अमाप, आणि ते कागद हाताळणारे कारकूनही अमाप. तिजोरी सांभाळणं हे तिचं दुय्यम काम होतं. नोंदी, वह्या आणि टपाल यांचा ओघ अडू न देणं हे मुख्य काम.

या कहाणीला एक काळी बाजूही आहे. व्हिएन्नातल्या मोठ्या खासगी बँकांचा या सरकारी बचत बँकेला विरोध होता, आणि त्या बँकांपैकी काही ज्यू घराण्यांच्या होत्या. छोट्या माणसाची बाजू घेत असल्याचं सांगणाऱ्या ख्रिश्चन सोशल पक्षाने आणि त्याचा नेता, शहराचा महापौर कार्ल ल्युगर याने, लोकांचा राग ज्यूद्वेषाकडे वळवला. बँकेसमोरच्या छोट्या चौकाला आज कोखचं नाव आहे आणि तिथे त्याचा अर्धपुतळाही आहे. रिंगरस्त्यावर सम्राट, सेनापती आणि कवींचे पुतळे पुष्कळ. त्यांच्या रांगेत एक टपाल खात्यातला अधिकारी बसावा, यामागे लोकांचा खरा आदर होता तसं हे राजकारणही होतं. इमारतीचं कौतुक करताना तेवढं झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

रिंगरस्ता म्हणजे व्हिएन्नाची ओळख. 1857 साली सम्राट फ्रान्झ योसेफ याने जुन्या शहराची तटबंदी पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या जागी शहराला वळसा घालणारा रुंद राजमार्ग आखला गेला. त्याच्या कडेने एकाहून एक भव्य इमारती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीने जुन्या काळातला एकेक वेश चढवला. संसद ग्रीक, महापालिका गॉथिक, विद्यापीठ रेनेसाँ. लोकशाही ग्रीसमधली म्हणून संसदेला ग्रीक खांब, मध्ययुगात शहरं स्वायत्त झाली म्हणून महापालिकेला गॉथिक मनोरे, असं त्यामागचं तर्कशास्त्र. कारागिरी अस्सल होती, पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या शहराचा स्वतःचा चेहरा त्यात कुठेच नव्हता.

वाग्नरचा जन्म 1841 चा. त्याची उमेदीची वर्षं याच वातावरणात गेली आणि रेनेसाँ वळणाच्या कितीतरी इमारती त्याने स्वतः बांधल्या. 1882 ते 1884 या काळात बांधलेली लेंडरबांक ही त्याची आधीची बँक बाहेरून तशीच आहे, पण आत तिचं सभागृह काचेच्या छताखाली उजळलेलं आहे. म्हणजे पुढच्या गोष्टीचं बीज वीस वर्षं आधीच पडलं होतं. 1894 मध्ये तो ललित कला अकादमीत प्राध्यापक झाला. त्याच सुमारास शहर रेल्वेची स्थानकं, पूल आणि कमानी उभारण्याचं प्रचंड काम त्याच्याकडे आलं. लोखंडाचा खांब किती बारीक ठेवता येतो, रिव्हेट कसे बसतात, गर्दीला वाट कशी करून द्यायची, हे तो रेल्वेच्या कामात शिकला. 1896 साली त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी आधुनिक वास्तुकलेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: वास्तूचं रूप आजच्या गरजेतून, आजच्या सामग्रीतून आणि आजच्या बांधकामपद्धतीतून यायला हवं, जे सोयीचं नाही ते सुंदर असूच शकत नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नाव आणि पैसा दोन्ही मिळालेले असताना, त्याने स्वतःच्याच जुन्या कामाविरुद्ध ही भूमिका घेतली. मला ही गोष्ट त्याच्या कोणत्याही इमारतीइतकीच मोठी वाटते.

टपाल बचत बँकेसाठी 1903 साली स्पर्धा जाहीर झाली. रिंगरस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला फ्रान्झ योसेफ यांच्या नावाची लष्करी बराक होती, ती पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीतला एक भूखंड बँकेला मिळाला होता. सदतीस आराखडे आले. वाग्नरचा निवडला गेला. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1906 संपता संपता पुढचा भाग वापरात आला. मागचा भाग 1910 ते 1912 मध्ये वाढवला गेला. एवढ्या मोठ्या सरकारी इमारतीसाठी अडीच वर्षांहून कमी वेळ ही त्या काळी नवलाची गती होती, आणि ती गती भिंत बांधण्याच्या पद्धतीतच दडलेली होती.

ही पद्धत जरा नीट पाहू. जुन्या रिवाजाप्रमाणे भव्य भिंत म्हणजे दगडाचे मोठमोठे चिरे. ते खाणीतून काढायचे, वाहून आणायचे, घडवायचे, एकावर एक चढवायचे. त्यात वर्षं जात आणि पैसा संपत येई. मग वरच्या मजल्यांवर दगडाऐवजी विटा रचून त्यांना दगडासारखा दिसणारा गिलावा करण्याची पळवाट निघे. रिंगरस्त्यावरच्या कितीतरी राजेशाही दर्शनी भागांचं रहस्य हेच आहे. वाग्नरने हिशेब उलटा मांडला. भार पेलायला वीट आहे, सिमेंट काँक्रीट आहे. मग दगडाने भार उचलण्याचं सोंग कशाला? त्याची पातळ लादी करून भिंतीवर बसवावी. दगड कमी लागतो, म्हणून त्याच पैशात चांगल्या प्रतीचा दगड घेता येतो, वाहतूक कमी होते आणि काम भराभर उरकतं. तळाकडच्या भागाला त्याने ग्रॅनाइट वापरला, आणि वरच्या भिंतींसाठी टिरोलमधल्या श्टेर्त्सिंगच्या खाणींतला संगमरवर आणला.

या विचारामागे एक जुनं सूत्र होतं. गोटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुविचारकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मांडलं होतं की भिंतीचा मूळ पूर्वज दगड नसून विणलेली चटई आहे. माणसाने आधी खांब रोवले आणि मग त्यांच्यामध्ये विणकाम ताणून आडोसा केला. कोकणातल्या घराची कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल, कारण तिथे भार मेढी घेतात आणि कूड फक्त आडोसा देतो. वाग्नरने हाच विचार विसाव्या शतकातल्या शहरात आणला. त्याची संगमरवरी लादी हे भिंतीला घातलेलं वस्त्र आहे आणि ते वस्त्र असल्याचं ती लपवत नाही.

लपवत नाही ती बोल्टांमुळे. इमारतीवर असे सुमारे सतरा हजार बोल्ट आहेत. लोखंडी बोल्ट, आणि त्यांच्या डोक्यांवर ॲल्युमिनियमच्या टोप्या. ऊन पडलं की सगळा दर्शनी भाग ठिपक्याठिपक्यांनी लकाकतो. खिळे ठोकलेल्या जुन्या धनाच्या पेटीचा भास होतो, असंही काही जाणकारांनी म्हटलं आहे आणि बँकेच्या बाबतीत ते शोभून दिसतं. पण या बोल्टांबद्दल एक वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. लाद्या मागून मसाल्यात बसवलेल्या आहेत. मसाला ओला असताना लादी जागेवर धरून ठेवायला बोल्ट उपयोगी, पण एकदा मसाला पकडला की लादी त्याच्यावरच टिकते. मग हे चमकणारे सतरा हजार बोल्ट नक्की काय काम करतात? जो माणूस बांधकामातल्या खरेपणाचा आग्रह धरतो, त्यानेच हे सोंग केलं का?

मला हा आरोप टिकणारा वाटत नाही. बोल्ट बांधकामाच्या एका टप्प्यावर खरोखर लागत होते, आणि ते काम संपल्यावर वाग्नरने त्यांना पुसून टाकलं नाही. भिंत कशी उभी राहिली याची नोंद त्याने भिंतीवरच ठेवली. दुसरी गोष्ट अशी की ज्या लोकांनी आजवर दगडाची भिंत म्हणजे चिऱ्यांची रास हेच पाहिलं होतं, त्यांना ही पातळ लादी आहे, मागे वेगळंच काही आहे, हे कळायला काहीतरी दिसणारी खूण हवी होती. तरीही इतकं कबूल करायला हवं की बोल्टांची संख्या आणि त्यांची रचना निव्वळ गरजेपेक्षा जास्त आहे. मधल्या भागात ते दाट होतात, कडेला विरळ. तो निर्णय अभियंत्याचा नाही, डोळ्याचा आहे. वाग्नर गरजेपासून निघाला आणि शोभेपर्यंत पोचला. शोभेपासून निघून गरजेचं निमित्त त्याने शोधलं नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आता ॲल्युमिनियमकडे वळू, कारण त्याशिवाय ही इमारत पूर्ण कळत नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या पातेल्याचा हा धातू एके काळी दागिन्याच्या मोलाचा होता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात तो नवलाची वस्तू म्हणून मांडला गेला. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या अगदी टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हाही हा धातू दुर्मीळच होता. मग 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साह्याने हा धातू वेगळा करण्याची पद्धत शोधली. पाठोपाठ कार्ल योसेफ बायर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने बॉक्साइटमधून शुद्ध ॲल्युमिना काढण्याची रीत दिली. किंमत झपाट्याने कोसळली. 1893 मध्ये लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये ॲल्युमिनियमचा पंखवाला पुतळा उभा राहिला, पण इमारतीत हा धातू वापरायचा कुठे, हे अजून कोणाला नीट सुचलं नव्हतं.

वाग्नरने आधी छोटा प्रयोग केला. 1902 साली 'डी त्साइट' या वृत्तपत्राच्या तारा-कार्यालयाचा दर्शनी भाग त्याने ॲल्युमिनियमने मढवला. मग बँकेत त्याने मोकळ्या हाताने हा धातू वापरला: बोल्टांच्या टोप्या, प्रवेशद्वारावरच्या छताचे बारीक खांब, माथ्यावरचे हार आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पंखधारी आकृती. माणसाच्या दुपटीहून उंच अशा या आकृती ओथमार शिमकोवित्स या शिल्पकाराच्या. ब्राँझ हिरवा पडतो, लोखंडाला गंज चढतो, चांदी काळवंडते. ॲल्युमिनियमवर आपोआप एक अतिशय पातळ थर धरतो आणि तो आतल्या धातूला राखतो. व्हिएन्नाच्या पावसाबर्फात शतक उलटलं तरी तो टिकून आहे. सोन्याचा मुलामा द्यायची सोय असताना सरकारी बँकेने हा नवा, साधा, राखाडी धातू अंगावर मिरवावा, यात एक ठाम विधान होतं. ही बँक सरदारांची नव्हे.

आत शिरल्यावर पायऱ्या चढून माणूस थेट मुख्य सभागृहात येतो. अंधाऱ्या मार्गिका नाहीत, दडपून टाकणारा घुमट नाही. मधला भाग उंच, दोन बाजूंचे भाग बुटके, आणि वर दुधी काचेचं छत. मधल्या भागावर ते मंद बाक घेऊन वळतं. पोलादी खांब खाली येताना निमुळते होत जातात, आणि वर ते काचेला टेकून थांबत नाहीत. काच भेदून पलीकडे निघून जातात. कारण हे दिसणारं छत हे खरं छप्पर नव्हे. त्याच्या वर काही अंतरावर दुसरं काचेचं छप्पर आहे. पाऊस आणि बर्फ ते झेलतं, आणि खालचं दुधी छत फक्त उजेड गाळून खाली सोडतं. दोन थरांतून आल्यामुळे उजेड कुठूनही तिरपा पडत नाही, टेबलावर कडक सावल्या येत नाहीत. दिवसभर आकडे उतरवणाऱ्या कारकुनाच्या डोळ्यांना आणि खिडकीसमोर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या खातेदाराला सारखाच उजेड मिळतो. कागदावर काय लिहिलं जातंय ते दोघांनाही दिसतं. छोट्या बचतदाराला धीर देण्याची वाग्नरची पद्धत ती ही, आणि ग्रीक खांबांपेक्षा ती मला कितीतरी जास्त प्रामाणिक वाटते.

काच आणि लोखंड-पोलाद यांत नवं काही नव्हतं. लंडनचा क्रिस्टल पॅलेस 1851 चा, आणि युरोपभरच्या रेल्वे स्थानकांवर काचेची छपरं होतीच. पण स्थानकातही रीत अशी होती की मागे पोलादी छपराखाली गाड्या आणि पुढे रस्त्याच्या बाजूला दगडी महाल. पोलाद हे कारखान्याचं साहित्य, प्रतिष्ठेच्या दिवाणखान्यात त्याला जागा नाही, हा समज घट्ट होता. वाग्नरने रिव्हेट मारलेला पोलादी खांब बँकेच्या मुख्य सभागृहात आणून उभा केला. त्याला प्लास्टरच्या पानाफुलांनी झाकलं नाही, खालच्या भागाला ॲल्युमिनियमचं आवरण दिलं आणि तेवढ्यावर सोडलं.

मग नजर जमिनीकडे जाते. सभागृहाच्या फरशीत काचेच्या विटा बसवलेल्या आहेत. वरच्या छतातून आलेला उजेड इथे थांबत नाही. तो फरशीतून झिरपून खालच्या मजल्यावर टपाल आणि पत्रपेट्यांचं काम चालायचं तिथपर्यंत पोचतो. तळघरात काम करणाऱ्या माणसालाही दिवसाचा प्रकाश मिळावा, याची ही तजवीज. विजेचे दिवे आले होते, त्यामुळे हा खटाटोप टाळता आला असता. वाग्नरने टाळला नाही. या संपूर्ण वास्तूत मला सर्वांत जास्त मोलाची वाटणारी जागा कोणती, असं विचारलं तर मी या काचेच्या जमिनीचं नाव घेईन, कारण तिचा फायदा ज्यांना मिळत होता ते खातेदाराच्या नजरेलाही पडत नसत.

भिंतीलगत ॲल्युमिनियमचे गोलाकार, उभे नळकांड्यासारखे खांब दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती शिल्पं वाटतात. प्रत्यक्षात ती गरम हवा सोडणारी यंत्रं आहेत. एवढ्या काचेखाली व्हिएन्नाच्या हिवाळ्यात माणूस गारठून गेला असता. इतर कोणी ही यंत्रं जाळीआड किंवा कोनाड्यात दडवली असती. वाग्नरने त्यांना सभागृहात मानाने उभं केलं. आज त्यांची छायाचित्रं शिल्पांच्या पुस्तकांतही सापडतात.

फर्निचरही वाग्नरचंच, थोनेट आणि कोन या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांसाठी नावाजलेल्या कंपन्यांनी बनवलेलं. खुर्चीच्या हातांवर आणि पायांच्या टोकांशी, म्हणजे जिथे घासून झीज होते नेमक्या त्या जागी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. अधिकाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे लाकूड आणि कापड उंची होत जातं. समतेचा आग्रह सरकारी उतरंडीपुढे इथवर पोचला, पुढे नाही. कचेऱ्यांच्या मजल्यांवर मात्र त्याने एक दूरदृष्टीची गोष्ट केली. आतल्या भिंतींवर भार ठेवला नाही, त्यामुळे काम बदललं की खोल्यांची मांडणी बदलता येई. आजच्या कोणत्याही ऑफिसात हे गृहीतच धरलं जातं; 1906 मध्ये ते तसं नव्हतं.

ही बँक उभी राहिली म्हणून शहराने वाग्नरचा मार्ग धरला असं मात्र झालं नाही. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, 1909 ते 1913 या काळात साम्राज्याचं युद्ध मंत्रालय बांधलं गेलं. त्याच्या स्पर्धेत वाग्नरनेही आराखडा दिला होता. निवड झाली लुडविग बाउमानच्या बरोक थाटाच्या महालाची. माथ्यावर पंख पसरलेला प्रचंड दुतोंडी गरुड, समोर घोड्यावर बसलेले सेनापती राडेट्स्की. राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड याला वाग्नरची वास्तुकला मुळीच रुचत नसे, आणि दरबारी कामं त्याच्या वाट्याला येईनाशी झाली. आज रिंगरस्त्यावर उभं राहून मान इकडून तिकडे वळवली की एका बाजूला कारकून आणि खातेदारांसाठी उजेड आणणारी इमारत दिसते, दुसऱ्या बाजूला वर्षभरात महायुद्धात उतरलेल्या साम्राज्याचा डामडौल. 1918 मध्ये ते साम्राज्य संपलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाग्नर गेला.

साम्राज्य गेलं तरी बँक राहिली. वाग्नरचे विद्यार्थी युरोपभर आणि त्यापलीकडे पसरले. योझे प्लेच्निकने ल्युब्लियाना शहराला रूप दिलं, रुडॉल्फ शिंडलरने लॉस एंजलिसमध्ये आधुनिक घरं बांधली. आज मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींवर ग्रॅनाइटच्या पातळ लाद्या धातूच्या पकडींनी अडकवून बसवतात, तेव्हा गवंडी ज्याला ड्राय क्लॅडिंग म्हणतात त्या पद्धतीचा एक महत्त्वाचा पूर्वज या दर्शनी भागात सापडतो. फरक इतकाच की आज पकडी लाद्यांमागे लपवतात.

टपाल बचत बँकेचं कालांतराने दुसऱ्या बँकेत विलीनीकरण झालं, आणि गेल्या दशकात त्या बँकेने ही वास्तू सोडली. आता तिथे व्हिएन्नाच्या उपयोजित कला विद्यापीठाचे विभाग आणि काही संशोधन संस्था आहेत. शंभर वर्षांपूर्वी हलवता येणाऱ्या भिंती ठेवल्या म्हणून हा बदल इमारतीला जड गेला नाही.

व्हिएन्नाला जाण्याचा योग आला तर श्वेडनप्लात्स स्थानकावर उतरा. तिथून ही इमारत चालत काही मिनिटांवर आहे. दिवसाउजेडी जा, कारण तिची सगळी करामत सूर्यप्रकाशाची आहे. आणि आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या बँकेचं, टपालघराचं किंवा पतपेढीचं नूतनीकरण निघालं असेल आणि त्या निर्णयात तुमचा शब्द चालत असेल, तर एवढं नक्की करा: फॉल्स सीलिंग ठोकण्याआधी शिडी लावून वर काय आहे ते पाहून घ्या. आपल्याकडच्या जुन्या बांधणाऱ्यांनीही काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी तिथे झरोके ठेवलेले असण्याची बरीच शक्यता आहे.